भूपाखाली कॉर्ड लावताना

कीबोर्डच्या वर्गाला जाणारा मुलगा पहिल्या वर्षात तीन कॉर्ड शिकतो आणि मग घरातल्या प्रत्येक भजनाखाली त्याच तीन कॉर्ड लावतो. गणपतीत बेळ्ळंदूरच्या मराठी घरांतूनही हे ऐकू येते. ऐकायला भरघोस वाटते, पण रागाचे काय होते ते तपासून पाहू.

राग भूप घ्या. त्याचे स्वर पाचच : सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता त्या तीन कॉर्ड मांडा. पहिली सा-ग-प, ही चालेल. दुसरी म-ध-सा, तिच्यात मध्यम आला. तिसरी प-नि-रे, तिच्यात निषाद आला. म्हणजे गाणाऱ्याने जे दोन स्वर कटाक्षाने टाळले, तेच साथीदाराने मागच्या दाराने आत घेतले.

ध-सा-ग ही कॉर्ड मात्र पूर्णपणे भूपाच्याच स्वरांची आहे. तरी तीही बेतानेच वापरावी. खर्जात धैवत फार वेळ धरला, तर कान धैवतालाच षड्ज मानू लागतो आणि तेच पाच स्वर धानीसारखे भासतात. तानपुरा षड्ज धरून बसतो तो उगाच नव्हे.

मग जाझशी आपले गाणे जुळायचे कसे? जाझमध्येच एक वाट निघाली होती. माइल्स डेव्हिस यांच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत भराभर कॉर्ड बदलण्याऐवजी एकाच स्वरसमूहावर बराच वेळ थांबून वादन केले आहे. आपल्या आलापाला ही रीत परकी वाटू नये.

बेंगळुरूतले उदाहरण तर फारच चांगले आहे. मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांचे कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन, गायिका आर. ए. रमामणी आणि बोस्टनमध्ये जन्मलेले सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांची ‘ज्योती’ ही ध्वनिमुद्रिका 1983 मध्ये झाली. मारियानो स्वतः नागस्वरम् शिकलेले होते. या ध्वनिमुद्रिकेत पियानो नाही, गिटार नाही; कॉर्ड वाजवणारे वाद्यच नाही. आहेत ते आवाज, सॅक्सोफोन, बासरी, तंबुरा, मृदंग, घटम्, मोरसिंग आणि खंजिरी. ‘यात जाझ कुठे आहे?’ असे कुणी विचारील. ते सॅक्सोफोनच्या श्वासात आणि आयत्या वेळी सुचलेल्या वाक्यांत आहे. माझ्या मते एवढे पुरेसे आहे.

व्हिएतनामी गाण्यात अडचण आणखी वेगळी. त्या भाषेत स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. ‘मा’ सपाट उच्चारले तर भूत, दक्षिणेकडे तेच चढत्या सुरात म्हटले तर आई! तेव्हा चाल मनाला येईल तशी वळवण्याची सोय नाही. पॅरिसमध्ये जन्मलेले गिटारवादक न्गुयेन ले यांनी गायिका हुआँग थान यांना घेऊन 1996 मध्ये तिथल्या पारंपरिक गाण्यांची जाझ ध्वनिमुद्रिका काढली. तिथे गिटार आहे, कॉर्डही आहेत. पण गाणे पुढे आणि जाझ त्याच्या भोवती, ही मांडणी लक्ष देऊन ऐकावी.

आता तालाकडे. ‘ज्योती’त कोनक्कोलही आहे, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणणे. छात्रांना यासाठी वाद्य लागणार नाही, मैदान पुरे. ‘त-कि-ट, त-क-धि-मि’ असे सात बोल म्हणत, दर बोलाला एक पाऊल टाकत चाला. पहिला ‘त’ डाव्या पायावर घ्या. सात विषम असल्याने दुसऱ्या फेरीचा ‘त’ उजव्यावर येईल आणि चौदा पावलांनंतर पुन्हा डाव्यावर. शेजारच्याला चारच्या गतीने टाळी द्यायला सांगा; त्याची पहिली मात्रा आणि तुमचा पहिला ‘त’ अठ्ठावीस पावलांनंतर एकत्र येतील. तोवर तो त्याच्या गतीत, तुम्ही तुमच्या. पहिल्या दिवशी कुणाचा तरी पाय चुकेलच. लय कमी करून पुन्हा सुरू करा.