‘शीळ’ : ध्वनिमुद्रिका आणि कविता

मराठी भावगीताच्या इतिहासात ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांच्या ‘शीळ’ या कवितेचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायिलेली तिची ध्वनिमुद्रिका १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत निघाली. याच नावाचा कवीचा पहिला संग्रह मात्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे संग्रहातून वाचली जाण्यापूर्वी सुमारे दोन दशके ही कविता कानांत रुळली होती. या क्रमाचा तिच्या आस्वादावर काय परिणाम झाला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

रविकिरण मंडळाच्या (स्थापना १९२३) कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले होते. परंतु तेथे कवी स्वतः श्रोत्यांसमोर असे. ध्वनिमुद्रिकेने कवीचे हे सान्निध्य अनावश्यक ठरविले. देशपांडे मेहकरला वकिली करीत; त्यांचे शब्द त्यांच्यावाचून दूरवर पोहोचले. साहजिकच श्रोत्यांच्या स्मरणात गायकाचा स्वर राहिला, कवी मागे पडला.

१९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागल्याने कर्ण्यासमोर उंच स्वरात गाण्याची आवश्यकता उरली नाही. हळुवार उच्चार टिपता येऊ लागला. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचा अवकाश मिळे. आखूड ओळी आणि परतून येणारे ध्रुवपद यांमुळे ‘शीळ’ त्यात सहज सामावली. तथापि ही गेयता तंत्राने बहाल केलेली नव्हे. ती मूळ रचनेतच होती.

कवितेतील निवेदन ग्रामीण स्त्रीचे आहे. प्रियकराविषयीची तिची तक्रार आणि ओढ एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ‘शीळ’ या शब्दाला कुळाच्या शीलाचीही नादसंगती असल्याने रानातून येणाऱ्या सादेमागे लोकमर्यादेचे भान जागे राहते. पुरुषकंठातून स्त्रीचे मनोगत ऐकणे लावणी-गौळणींच्या श्रोत्याला नवे नव्हते. परंतु चालीच्या माधुर्यात हा ताण सौम्य होतो. वाचताना मात्र तो पुन्हा जाणवतो.

पुढे ‘अभिसार’ (१९६३) आला, ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तरी सर्वसामान्य रसिकाला कवीची ओळख त्या एका गीतानेच राहिली. ध्वनिमुद्रिकेने कविता जिवंत ठेवली, हे तिचे ऋण निर्विवाद आहे. त्या ऋणाची जाणीव ठेवूनही कविता चालीवेगळी वाचणे, हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.