शंका-समाधान : तापलेला टायर, दुधाळ्याची नळी आणि गॅसची टाकी

शंका : सकाळी २७ अंश तापमानाला मोटारसायकलच्या चाकात २८ पौंड हवा भरली. दुपारी डांबरी रस्त्यावर टायर ५७ अंशांपर्यंत तापला. तापमान दुपटीच्या वर गेलं, मग दाबही दुप्पट का होत नाही?
– एक वाचक, वसमत

समाधान : कारण सेल्सिअसचं शून्य हे बर्फाचं शून्य आहे, उष्णतेचं नव्हे. वायूच्या समीकरणात केल्विनच लागतो. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन आणि ५७ अंश म्हणजे ३३०. वाढ झाली फक्त दहा टक्के.

दुसरी फसगत पंक्चरवाल्याच्या मीटरची. तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. बाहेरचे साधारण १४ पौंड मिळवा : २८ अधिक १४ म्हणजे ४२. टायरचं आकारमान फारसं बदलत नाही असं धरलं, तर दहा टक्के वाढून झाले ४६. त्यातून १४ वजा केले की मीटरवर ३२ दिसतील. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. दुपारी वाढलेला आकडा बघून हवा सोडणं चुकीचंच.

शंका : औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या नळ्यांतली हवा काढून टाकणार म्हणतात. अशी किती हवा असेल?
– बारावीची विद्यार्थिनी, औंढा नागनाथ

समाधान : गणित तुझ्या पुस्तकातलंच आहे. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब, नळीचा व्यास सुमारे १.२ मीटर. आकारमान जवळपास ९,००० घनमीटर भरतं. दाब गुणिले आकारमान, भागिले आर (वायूंचा स्थिरांक) आणि तापमान, असं केलं की साडेतीन लाखांच्या वर मोल येतात. हवेचा एक मोल २९ ग्रॅमचा, म्हणजे नळ्यांत दहा टन हवा! रिकामी म्हणतो त्या नळीत भरलेल्या ट्रकइतका माल.

अमेरिकेतल्या लायगोत दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत उतरवला आहे. तरीही एका घनसेंटिमीटरमध्ये दोन-अडीच कोटी रेणू उरतात. लेसरच्या वाटेत आलेला प्रत्येक रेणू प्रकाशाला किंचित अडखळवतो, आणि मोजायचं असतं ते प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक अंतर.

खरी गंमत समीकरणाच्या बाहेर आहे. पोकळीतली हवा पंप ओढून घेतात, पण पोलादाला चिकटलेलं पाणी आणि त्यात मुरलेला हायड्रोजन हळूहळू सुटत राहतात. त्यांचा हिशेब या सूत्रात नाही. म्हणून अमेरिकेत नळ्या दीडशे अंशांच्या वर सुमारे महिनाभर तापवून ‘भाजल्या’ होत्या. हवा काढायलाच चाळीस दिवस लागले. आपल्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे, खर्च अंदाजे २,६०० कोटी. तू इंजिनिअर होशील तोवर काम असेलच.

शंका : वायूच्या समीकरणाने घरातल्या सिलिंडरमध्ये किती गॅस उरला ते काढता येईल?
– एक गृहिणी, कळमनुरी

समाधान : नाही. टाकीत बहुतांश द्रव असतो. तो संपत येईपर्यंत, तापमान तेच असेल तर, दाब जवळपास तेवढाच राहतो. टाकी वजनकाट्यावर ठेवा आणि तिच्यावरच छापलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा करा.