औषधाची बाटली आणि पाळणाघर

पाळणाघर काढायचं ठरवलं की बायका मला आधी लायसन्सचं विचारतात. कागद लागतातच. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि २०१८ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने त्यासाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. तुमचं घरगुती पाळणाघर त्यात बसत नसलं, तरी त्या सूचना मिळवून वाचा. तपासायला कुणी येवो न येवो, पालक उद्या त्यातलंच विचारणार आहेत.

पण मला खरी भीती वाटते ती औषधांची.

एका आईने सकाळच्या घाईत पिशवी हातात दिली. "ताप आला तर पाच एमएल द्या हं, ताई." पॅरासिटामॉलच होतं, नेहमीच्याच नावाचं. दुपारी बाळ तापलं. बाटली उघडताना आमच्या मावशी म्हणाल्या, "ताई, याला मापाचं झाकण नाही, ड्रॉपर आहे." लेबल वाचलं: एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम. आधीच्या सिरपमध्ये पाच एमएलला १२० होतं. म्हणजे सांगितल्याप्रमाणे पाच एमएल दिलं असतं तर दहा किलोच्या बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची पाचशेची अख्खी गोळी गेली असती. आईचा फोन मीटिंगमुळे बंद. मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच डोस दिला.

तेव्हापासून तोंडी सांगितलेलं औषध आम्ही देत नाही. चिठ्ठीवर मुलाचं वजन, औषध ड्रॉप्स की सिरप, किती मिलिग्रॅम, आणि घरी शेवटचा डोस किती वाजता दिला, एवढं हवंच. हे शेवटचं पालक लपवतात. सकाळी तापाचा डोस पाजून मूल सोडून जातात, कारण रजा शिल्लक नसते. त्यांची अडचण कळते, तरी विचारायचंच. नाहीतर चार तासही झालेले नसताना तुम्ही दुसरा डोस द्याल. आणि बाटली मूळ खोक्यासकटच घ्या. दुसऱ्या बाटलीत ओतून आणलेलं औषध परत पाठवा, आजी रागावल्या तरी.

बाकीचं थोडक्यात. मदतनीस ठेवण्याआधी पोलीस पडताळणी. खाऊत अख्खे शेंगदाणे नकोत, द्राक्षं उभी चिरून. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते बघत जा. ग्रिलच्या आपत्कालीन दाराची किल्ली मुलांच्या हाताबाहेर, पण दाराजवळच टांगा. ते कुलूप अधूनमधून उघडून पाहा, पावसाळ्यात हमखास गंजतं.