मर्ढेकर कळत नाहीत तेव्हा

चि. भाचीबाईंस,


‘मर्ढेकर कळत नाहीत, आधी कुठली समीक्षा वाचू?’ असं विचारलं आहेस. आधी कुठलीच नको. यंत्रयुगातल्या माणसाची अगतिकता वगैरे जे गाईडमध्ये छापलेलं असतं, ते खोटं नाही. पण ते एकदा पाठ झालं की कविता वाचायची गरजच उरत नाही.

त्यांचा १९४७चा ‘काही कविता’ हा संग्रह घे आणि दार लावून मोठ्यांदा वाच. अर्थ अडला तरी थांबू नकोस. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंगाचा ठेका तू आजीच्या हरिपाठात लहानपणापासून ऐकला आहेस. मर्ढेकर त्याच ठेक्यात शहराची, यंत्रांची, विज्ञानाची भाषा आणून बसवतात. कान देवाच्या नावाची वाट पाहत असतो आणि समोर भलताच शब्द येतो. जिथे दचकशील तिथे पेन्सिलीने खूण कर. बाकी काही लिहू नकोस. त्यातल्या उंदरांच्या कवितेवर तर एवढं लिहून झालं आहे की खुद्द उंदीर दिसेनासे झालेत! ती सगळ्यांत शेवटी वाच. आणि या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले, हा इतिहास परीक्षेला हवाच. कविता उलगडायला त्याची फारशी मदत होत नाही.

मग मर्ढेकरांचंच ‘सौंदर्य आणि साहित्य’ उघड. ते १९५५चं. इथे कवी स्वतःच समीक्षक आहे, त्यामुळे पडताळा घ्यायची सोय आयती मिळते. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृती उभी राहते, साहित्यात ही लय भावनांनी भारलेल्या अर्थांची असते, असं ते मांडतात. कलेला नीतीची किंवा उपयोगाची फूटपट्टी लावलेली त्यांना चालत नाही. लेखन कोरडं आहे, एका बैठकीत चार पानं झाली तरी पुष्कळ. पण प्रत्येक विधानाशी थांबून तू खूण केलेली एक कविता समोर धर. दोन विसंगत प्रतिमा शेजारी का ठेवल्यात, हे त्या सिद्धांतामुळे चटकन दिसतं. मात्र त्या कवितांतला संताप आणि करुणा ही नुसती लयीची सामग्री आहे, हे मला आजवर पटलेलं नाही. इतक्या नैतिक तळमळीने लिहिणाऱ्या माणसाने नीतीला दाराबाहेर उभं करावं, हे अजबच. तुला उलट वाटलं तर सविस्तर लिही, नुसतं ‘छान’ नको.

एवढं भांडण झालं की रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ घे. कलेची स्वायत्तता आणि तिचं लौकिक जीवनाशी असलेलं नातं, ही दोन्ही टोकं ते धरून ठेवतात. तुझ्या-माझ्या वादाला तिथे बरीच जागा आहे. विजया राजाध्यक्षांचा मर्ढेकरांच्या कवितेवरचा ग्रंथ त्यानंतर, सवडीने.

पाटणकर माझ्या कपाटात आहेत. दिवाळीत येशील तेव्हा ने. समासातली भांडकुदळ अक्षरं माझी आहेत, तिकडे पाहू नकोस.

तुझा,
मामा