सामाईक वास्तूची निगा

सहकारी गृहनिर्माण संस्थेत घराची मालकी दोन अंगांची असते. भिंतींच्या आतील जागा एका कुटुंबाच्या वापराची, तर पाया, खांब, जिने, गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि सांडपाण्याचे नळ हे सर्वांचे. भारतात ही पद्धत शतकाहून अधिक काळ रुजलेली आहे. मुंबईच्या गावदेवी भागात १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. एकट्याला न परवडणारे घर अनेकांनी मिळून उभारावे हा या पद्धतीचा हेतू होता. परंतु घर उभारण्यापेक्षा ते राखणे अधिक कठीण असते, आणि बहुतेक संस्थांची खरी कसोटी तेथेच लागते.

स्वतंत्र घराचा मालक छप्पर गळू लागताच ते शाकारून घेतो, कारण पाणी त्याच्याच अंथरुणावर पडत असते. सामाईक इमारतीत तसे घडत नाही. गच्चीतून झिरपणारे पाणी वरच्या मजल्यावरील कुटुंबाला छळते. खर्चाला संमती मात्र खालच्या मजल्यांवरील सभासदांचीही लागते. व्यवस्थापक समितीचे सदस्य बहुधा विनावेतन काम करतात. वर्गणी वाढवून शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेण्याची त्यांची तयारी नसते. त्यामुळे दुरुस्तीचा विषय एका सभेतून दुसऱ्या सभेकडे ढकलला जातो.

या दिरंगाईची किंमत समजण्यासाठी काँक्रीटचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. काँक्रीट शाबूत असते तोवर त्यातील लोखंडी सळ्या सुरक्षित राहतात. तड्यांतून पाणी व हवा आत शिरली की सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. तडे रुंदावतात, अधिक पाणी शिरते आणि गंजण्याचा वेग वाढतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे चक्र अधिकच जलद फिरते. आरंभी गच्चीच्या जलरोधनाने भागले असते, तेथे पुढे खांबांना आधार देण्याची पाळी येते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील सर्फसाइड येथे याचा भीषण प्रत्यय आला. तेथील बारा मजली निवासी इमारत १९८१ साली बांधलेली होती. पोहण्याच्या तलावालगतच्या फरसबंदीखालील जलरोधन निकामी झाल्याचे आणि काँक्रीटची हानी झाल्याचे एका अभियंत्याने २०१८ साली कळविले होते. घरमालकांच्या संघात खर्चावरून मतभेद होत राहिले. अखेर २०२१ च्या एप्रिलपर्यंत सुमारे दीड कोटी डॉलरच्या कामांची आकारणी ठरली; पण २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यातील उणिवाही पुढे तपासात आढळल्या. म्हणजे सारा दोष दिरंगाईचा नव्हे; तथापि सदोष इमारतीला वेळेवर निगेची गरज अधिकच असते.

भारतात सहकार हा राज्यांचा विषय असल्याने नियम जागोजागी वेगळे आहेत. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार गच्ची, जिने, बाहेरील भिंती, सामाईक नळ आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेकडे येते. घरातील मोरी वा शौचालयातून होणारी गळती त्या त्या सभासदाकडे. म्हणून तक्रारीपूर्वी पाणी कोठून येते हे निश्चित करणे ही पहिली पायरी होय.

त्यानंतर तक्रार लेखी करावी, तिच्यासोबत छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार जिन्यातच विरून जाते. एकट्याचे गाऱ्हाणे हट्ट समजले जाण्याचा संभव असतो. यास्तव समदुःखी सभासदांनी एकत्र यावे. एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सभेपुढे अभियंत्याचा अहवाल, कामाचा क्रम आणि खर्चाचा अंदाज असावा व ठराव इतिवृत्तात नोंदला जावा. एवढ्यानेही हालचाल न झाल्यास निबंधकाकडे किंवा सहकारी न्यायालयात जाता येते. इमारत धोकादायक असल्यास महापालिकेस कळवावे. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक केली आहे.

त्रासलेला सभासद पुष्कळदा मासिक वर्गणीच थांबवितो. हा मार्ग त्याच्यावरच उलटतो. थकबाकी वसूल करण्याचा अधिकार संस्थेला असतो, थकबाकीदाराला समितीवर निवडून येता येत नाही, आणि ज्या निधीतून दुरुस्ती व्हायची तोच आटतो. वर्गणी भरून हिशेब मागणाऱ्या सभासदाला मात्र समिती सहजासहजी टाळू शकत नाही.

हिशेबाचा प्रश्न अखेर निधीशीच येऊन ठेपतो. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी जमा करावयाची असते. ज्या घराचा बांधकाम खर्च वीस लाख रुपये, त्याचा वाटा वर्षाला पंधरा हजार आणि पाच हजार, असा एकूण वीस हजार रुपये होतो. हे पैसे नियमाने साठविणाऱ्या संस्थेत दुरुस्तीचा निर्णय घेणे सोपे जाते. न साठविणाऱ्या संस्थेत तोच खर्च एकदम अंगावर येतो. निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध आणि नुकतेच कर्ज काढलेले तरुण यांच्यात मग वितुष्ट येते. अल्प वर्गणीचा अभिमान बाळगणारी संस्था पुष्कळदा आपल्या इमारतीचे आयुष्यच खर्चत असते.