भांडी घासणारे यंत्र : त्याची निगा आणि घरगुती दुरुस्ती



घरातील कधीही न संपणारे काम कोणते, असे विचारले तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल : भांडी घासणे. जेवण दिवसातून दोनदा होते, पण भांडी चार वेळा निघतात. मोरीवर बसून, राख आणि नारळाची शेंडी हाती घेऊन ती घासण्यात आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यातील किती तास गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हे काम यंत्राकडून करून घेण्याचा विचार मात्र जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल गावी राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंना २८ डिसेंबर १८८६ रोजी अशा यंत्राचे पेटंट मिळाले. तारेच्या कप्प्यांत बशा रचून त्यांवर साबणाच्या पाण्याचा जोराने मारा करावयाचा, ही त्यांची कल्पना होती. १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. प्रथम ते हॉटेलांनी घेतले. घराघरांतून पोचावयास त्याला अनेक दशके लागली. आपल्या देशात २०२० सालच्या टाळेबंदीत घरकामास येणाऱ्या बायकांचे येणे थांबले, तेव्हा शहरांतील पुष्कळ कुटुंबांचे लक्ष या यंत्राकडे वळले. सर्वजण त्याला डिशवॉशर म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

यंत्र चालते तोवर घर आनंदात असते. ते बंद पडले की सारे ओझे पुन्हा आईच्या, नाहीतर ताईच्या माथी येते. शहरातून कारागीर यावयास चार दिवस लागतात आणि कित्येकदा तो येऊन एक जाळी धुतो, पैसे घेतो व निघून जातो. ही जाळी नववीतील विद्यार्थ्यालाही धुता आली असती. उलटपक्षी, विजेचे ज्ञान नसताना यंत्राचे झाकण उघडणे जिवावर बेतू शकते. यास्तव आपल्या हातचे काय आणि हाताबाहेरचे काय, हा विवेक शिकणे हेच या लेखाचे प्रयोजन होय.

यंत्राची रचना

डिशवॉशर म्हणजे आतून पोलादी पत्र्याची एक बंद पेटी. नळाचे पाणी एका विजेच्या झडपेतून आत येते आणि तळाशी साठते. हीटर ते तापवितो. पंप तेच पाणी उचलून फिरत्या फवाऱ्यांतून भांड्यांवर मारतो. ते खाली पडते, गाळणीतून गाळले जाते आणि पुन्हा वर फेकले जाते. एका धुण्यास सुमारे १० ते १५ लिटर पाणी पुरते, याचे रहस्य हेच. शेवटी दुसरा पंप मळके पाणी नळीवाटे मोरीत सोडतो.

फवाऱ्याला फिरविण्यास बहुधा वेगळी मोटर नसते. त्याची भोके तिरपी असतात. पाणी एका दिशेस सुटते आणि फवारा उलट दिशेस ढकलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही पुस्तकात वाचला आहे. येथे तो दररोज भांडी धूत असतो.

यंत्रात घालावयाच्या भुकटीत धुण्याचा सोडा आणि विकरे असतात. सोडा अल्कधर्मी असल्याने तेलकटपणा तोडतो आणि विकरे भाताचा चिकटा व डाळीचा थर सोडवितात. आजीची राखही अल्कधर्मीच होती. म्हणजे शास्त्र जुनेच, साधन तेवढे नवे. मात्र याच कारणाने ॲल्युमिनियमची भांडी यंत्रात काळी पडतात. तांब्या-पितळेची भांडी, कल्हईची पातेली, लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट-लाटणे हीही यंत्रात घालू नयेत.

जड पाण्याचा प्रश्न

आपल्याकडे अनेक घरे कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून आहेत. असे पाणी पुष्कळदा जड असते. म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. साबणाला फेस कमी येणे आणि पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर बसणे, या त्याच्या खुणा. हाच थर हीटरवर आणि फवाऱ्याच्या भोकांत बसतो.

यावर उपाय म्हणून बहुतेक यंत्रांत एक विशिष्ट राळ बसविलेली असते. तिचे मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांची ही शक्ती संपली की मिठाच्या तीव्र पाण्याने ती परत येते. म्हणूनच तळाच्या कप्प्यात जाड मीठ घालावे लागते. तेथे जेवणातील बारीक मीठ घालू नये. ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेले पदार्थ मार्ग अडवू शकतात. मीठ भरल्यावर लगेच यंत्र चालवावे, म्हणजे सांडलेल्या मिठाने पत्रा गंजणार नाही.

आधी सुरक्षितता

कोणत्याही दुरुस्तीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. बटण बंद करून प्लग उपसावा. पाण्याचा नळ बंद करावा. पाणी तापलेले असल्यास ते निवू द्यावे. आणि घरातील मोठे माणूस जवळ असल्याखेरीज काम सुरू करू नये.

नेहमीचे दोष व त्यांची कारणे

१. भांडी नीट निघत नाहीत. प्रथम तळाची गाळणी काढून कोमट पाण्याने व मऊ ब्रशाने धुवावी. आठवड्यातून एकदा हे केलेच पाहिजे. मग फवारा हाताने फिरवून पाहावा. झाऱ्याचा वा उलथन्याचा दांडा खाली आला, अथवा उंच पातेले आड आले, की फवारा अडतो. त्याच्या भोकांत मोहरी किंवा कढीपत्त्याची काडी अडकली असल्यास ती बारीक काडीने काढावी. ताटे एकमेकांना चिकटवून रचली असतील तर पाणी मध्ये शिरणारच नाही. खरकटे मात्र आधीच निपटून टाकावे.

२. पाणी आत येत नाही. नळ उघडा आहे का आणि नळी मुडपली आहे का, हे पाहावे. नंतर नळी सोडवून तिच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढावी. तीत वाळू व गाळ साचतो. तरीही पाणी मंद येत असेल तर गच्चीवरील टाकीची उंची मोजावी. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण असतो. तेव्हा टाकीतील पाणी नळाच्या ३ मीटर वर असेल तर दाब सुमारे ०.३ वातावरणच मिळेल. यंत्राला किती दाब हवा, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. दाब कमी पडत असेल तर दोष यंत्राचा नव्हे, टाकीच्या उंचीचा आहे.

३. पाणी बाहेर जात नाही. गाळणीखाली थोडे पाणी राहणे स्वाभाविक आहे. पेटीत पाणी तुंबले असेल तर ते वाटीने व फडक्याने काढून गाळणीखालचा भाग पाहावा. लिंबाची बी, नारळाचा धागा किंवा काचेचा तुकडा पंपाच्या चक्रात अडकलेला असू शकतो. तेथे उघडे बोट घालू नये. हातमोजा व चिमटा वापरावा. बाहेर जाणारी नळी मोरीकडे जाण्यापूर्वी पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीपर्यंत वर नेलेली असावी. ती सरळ जमिनीलगत टाकल्यास वक्रनलिकेच्या नियमाने यंत्रातील पाणी आपोआप ओढले जाते, अथवा मोरीचे घाण पाणी परत आत येते.

४. भांड्यांवर पांढरे डाग पडतात. मिठाचा कप्पा रिकामा झाला आहे का, ते प्रथम पाहावे. थर जुना असेल तर भांडी न घालता, लिंबूसत्त्व घालून यंत्र गरम पाण्यावर एकदा चालवावे. आम्लामुळे क्षाराचा थर विरघळतो. चिंचेने पितळ उजळते, तेही आम्लाचेच काम.

५. पाणी गळते. दाराच्या रबरी पट्टीत अन्नकण अडकले असल्यास ती ओल्या फडक्याने पुसावी. ती फाटली असल्यास बदलावी. कोणी हात धुण्याचा अथवा भांड्यांचा साधा साबण आत घातला असेल तर फेस दारातून बाहेर येतो. कित्येक यंत्रांच्या तळाशी एक तरंगता तुकडा असतो. तेथे पाणी साचले की तो वर उचलला जातो आणि यंत्र थांबते. असे थांबणे ही यंत्राने दिलेली सूचना आहे. तिचे कारण शोधावे, तिला फसवू नये.

कोठे थांबावे

यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या, जळका वास आला, किंवा घराचे मुख्य बटण आपोआप पडू लागले, तर तेथेच थांबावे. पुरवठा बंद करावा आणि जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. हीटर, वायरी आणि नियंत्रणाची पट्टी ही आपली कामे नव्हेत. यंत्रातील काही भाग प्लग उपसल्यावरही काही वेळ वीज धरून ठेवतात. येथे माघार घेण्यात कमीपणा नाही. उत्तम कारागिरालाही आपली मर्यादा ठाऊक असते.

शोधण्याची रीत

एक वही करावी. तीत तारीख, लक्षण, केलेला उपाय आणि परिणाम लिहावा. सोप्या कारणापासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच बदल करावा. गाळणी धुतली, मीठ भरले आणि भुकटीही बदलली, तर गुण कशाने आला हे कळणार कसे? उघडलेले स्क्रू क्रमाने वाटीत ठेवावेत आणि उघडण्यापूर्वी त्या भागाचे चित्र काढावे. प्रयोगशाळेत तुम्ही जे शिकता ते हेच. येथे परीक्षक मात्र ती भांडी असतात.

बेळगावच्या मातीला ही वृत्ती नवी नाही. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा उगम १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या दुकानात झाला. तेथून कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली सुरू झालेली किर्लोस्करवाडी, अशी ती वाट गेली. आज उद्यमबागेतील फौंड्र्यांत व लेथवर आपल्या भागातील कित्येकांचे वडील-काका काम करतात. यंत्राशी आपले नाते परक्याचे नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी डिशवॉशर नसेल. हरकत नाही. मिक्सर, पाण्याचा पंप, प्रेशर कुकर यांनाही हीच रीत लागू पडते : आधी रचना समजून घ्यावी, मग लक्षण पाहावे, सोपे कारण प्रथम तपासावे आणि धोक्याची रेषा ओळखावी. आणि यंत्र दुरुस्त होईपर्यंत साचलेली भांडी घासण्यास मुलांनीही मोरीवर बसावे. ज्याने ते काम एकदा स्वतः केले, तो यंत्राची गाळणी धुण्यास कधी विसरणार नाही.