सुट्टी कोण देतं, डॉक्टर की सिस्टर?

प्रश्न : माझ्या लेकीला आठव्या महिन्यातच बाळ झालं. जिल्हा रुग्णालयात तीन आठवडे ते काचेच्या पेटीत होतं. एका सकाळी डॉक्टर राऊंडला आले, वजन वाढतंय, आता न्यायला हरकत नाही म्हणाले. आम्ही गाडीसुद्धा सांगितली. पण सिस्टरांनी डॉक्टरांशी बोलून आणखी दोन दिवस थांबवून घेतलं. त्या दोन दिवसांत बाळाची कमी आणि लेकीचीच जास्त परीक्षा! दूध काढ, वाटी-चमच्याने पाज, पाय गार की गरम ते सांग. सुट्टी द्यायचा अधिकार नर्सला असतो का? — एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : आजी, सही डॉक्टरांचीच असते आणि शेवटची जबाबदारीही त्यांची. पण डॉक्टर बाळाला राऊंडपुरतं पाहतात, सिस्टर पाळीपाळीने चोवीस तास. रात्री तीन वाजता दूध घेताना बाळ निळसर पडलं, मध्येच श्वास घ्यायचं विसरलं, तर ती नोंद सिस्टरांच्या अक्षरात असते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला तो जमायला वेळ लागतो. वजन सलग तीन दिवस वाढावं, पेटीबाहेर अंग गरम राहावं, श्वास थांबण्याचा प्रकार बंद होऊन काही दिवस गेलेले असावेत, असं सुट्टीआधी पाहतात. यातलं वजन काट्यावर दिसतं. बाकीचं बाळाजवळ बसणाऱ्यालाच कळतं.

आता लेकीची परीक्षा. वॉर्डात बाळाला ऊब देणारा वॉर्मर असतो, श्वास अडखळला की वाजणारं यंत्र असतं. घरी यातलं काहीच नसतं. म्हणून ती कामं आईच्या हाताला शिकवावी लागतात. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट पाहायचं, मग तळपाय. दोन्ही गरम असतील तर ठीक. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्यायचं. दोन्ही गार असतील तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठायचा. बाळ दूध ओढेना, उठवूनही सुस्त पडलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तरी थांबायचं नाही. हे नुसतं सांगून भागत नाही. आईने स्वतः करून दाखवलं, की मगच सिस्टरांना धीर येतो.

हे शिकवणं सुट्टीच्या आदल्या दिवशी उरकायचं काम नाही. आईला पहिल्यापासून वॉर्डात घेऊन तिच्याकडून बाळाचं करून घ्यायचं, ही पद्धत दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात रुजली आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अडचण माणसांची आहे. एका पाळीत एका सिस्टरकडे तीन-चारच बाळं असावीत, अशी अपेक्षा असते. अनेक ठिकाणी ती कितीतरी जास्त असतात. मग सलाईन, इंजेक्शनं, नोंदी यांच्या गर्दीत पहिल्यांदा मागे पडतं ते आईला शिकवणं. तुमच्या सिस्टरांनी त्यासाठी दोन दिवस मागून घेतले, याचं मला फार मोल वाटतं. घरी नीट काळजी घेतली तर किती फरक पडतो, हे आपल्याच गडचिरोलीत दिसलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली, तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम छापलं आणि आशाताईंच्या घरभेटी पुढे त्यातूनच आल्या.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकते. सुट्टीच्या कागदावर पत्ता सासरचा असतो आणि बाळंतीण जाते माहेरी. मग एका गावची आशाताई बंद दारावरून परत जाते आणि दुसऱ्या गावच्या आशाताईला बाळ आल्याचा पत्ताच नसतो. ‘सुट्टीनंतर कुठे राहणार?’ असं सिस्टर विचारतात ते यासाठी. लेक तुमच्याकडे असेल, तर तुमच्या गावच्या आशाताईला आजच भेटा.

डोळ्यांच्या तपासणीचीही तारीख कागदावर बघा. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर जन्मानंतर चार आठवड्यांच्या आसपास डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. फारच लहान बाळांचा त्याहून लवकर. पडद्याचा आजार वरून दिसत नाही आणि वेळ गेली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बाळ हसतं-खेळतं आहे म्हणून ही फेरी टाळू नका. शेगडीची धुरी, गुटी, मध, काजळ यातलं काहीही नको. आणि लेक दमली, की बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब तुम्हीही देऊ शकता, जावईही देऊ शकतात. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. बाळाच्या डोक्याला टोपी, पायांत मोजे आणि अंगावर लंगोट एवढंच ठेवा, वरून पदर किंवा शाल घ्या, मान एका बाजूला वळलेली आणि नाक मोकळं आहे ना, तेवढं बघा.